सुशिक्षितांची भुते

(एस. वाय. बी. ए.)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात चित्रकथांवर लेख, आणि तोही भुताखेतांच्या चित्रकथांवर, हे काहींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. माझ्या हातातले पुस्तक पाहून एका प्राध्यापकांनी दोन आक्षेप घेतले होते. एक, चित्रांची पुस्तके वाचण्याचे वय आता उलटले. दुसरा, असल्या वाचनाने अंधश्रद्धा वाढते, आणि ज्यांच्या घरात आधीच ती आहे अशा मुलींनी तर त्यापासून दूरच राहावे. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्यात मी शाई खर्च करीत नाही. दुसरा मात्र मनात रुतून बसला आहे.

‘ज्यांच्या घरात आधीच ती आहे’ म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझी आजी आजही सहीच्या जागी अंगठा उठवते, आणि घरातल्या तान्ह्या पोरावरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकते. वक्तृत्व स्पर्धेत अंधश्रद्धेचा विषय निघाला की पाचातले चार वक्ते ‘अशिक्षित समाज’ या दोन शब्दांनी सुरुवात करतात. मी श्रोत्यांत बसलेली असते आणि माझ्या डोळ्यांपुढे आजी येते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो हवाच होता असे माझे स्पष्ट मत आहे. पण अंधश्रद्धा ही अशिक्षितांचीच मिरास आहे आणि शिकलेला माणूस तिच्यातून आपोआप मोकळा होतो, हे जे आपण गृहीत धरून चालतो, ते मला पटत नाही. आणि गंमत अशी की ते पटू नये, याला ज्या पुस्तकांवरून मला बोल लागला तीच कारणीभूत आहेत.

ही पुस्तके मला किलोवर पुस्तके विकणाऱ्या एका प्रदर्शनात मिळाली. परदेशातल्या ग्रंथालयांनी बाद केलेली, आतल्या पानावर ‘काढून टाकले’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असलेली. पुठ्ठ्याची बांधणी जड, त्यामुळे वजनावर ती महागच पडली. दोन पुस्तके झाक तार्दी या फ्रेंच चित्रकाराच्या ‘आदेल ब्लाँ-सेक’ मालिकेची होती, आणि दोन एर्जेच्या टिनटिनची. टिनटिन शाळेत असताना चाळला होता, चित्रांपुरता. या वेळी शब्दकोश जवळ ठेवून वाचला.

तार्दीची आदेल प्रथम १९७६ साली फ्रान्समध्ये आली. कथेचा काळ मात्र १९११ चा, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरच्या पॅरिसचा. आदेल पेशाने लेखिका आहे, लोकप्रिय रहस्यकादंबऱ्या लिहिणारी. नवरा नाही, फारसे नातेवाईक नाहीत, तोंड फटकळ. (मूळ योजनेत ती नायिकाही नव्हती. दुसरीच एक सुशील मुलगी नायिका व्हायची होती आणि आदेल खलनायिका. पुढे ही बया तिला बाजूला सारून मधोमध येऊन बसली. मला हे फार आवडते.) पहिल्याच भागात पॅरिसच्या वस्तुसंग्रहालयातले लाखो वर्षांपूर्वीचे अंडे काचेच्या पेटीत फुटते आणि त्यातून निघालेला उडता राक्षसी सरडा शहरावर घिरट्या घालू लागतो. ते अंडे उबवले कुणी? दूर लिआँ शहरात बसलेल्या एका गृहस्थाने, निव्वळ मनाच्या शक्तीने. दुसऱ्या भागात पाझुझू नावाच्या प्राचीन असुराची गुप्तपणे पूजा करणारा एक पंथ आहे आणि त्याचा डाव पॅरिसमध्ये प्लेग पसरवण्याचा आहे. पुढे हिमयुगातला आदिमानव जिवंत करणारा शास्त्रज्ञ येतो आणि चौथ्या भागात तर ममी चालू लागतात.

एवढे सांगितले की ऐकणारा म्हणतो, ‘म्हणजे भाकडकथाच.’ खरे आहे, कथानक भाकडच आहे. तार्दी ते लपवीत नाही, उलट मुद्दाम गुंतागुंत वाढवून वाचकाची थट्टा करतो. पण त्या भाकडकथेत भुतांच्या मागे कोण उभे आहे, ते पाहावे. प्राध्यापक, शास्त्रज्ञ, पोलिसांतला बडा अधिकारी, रंगभूमीवरची नामांकित नटी. या नटीचे नावही सारा बर्नहार्ट या खऱ्याखुऱ्या विख्यात अभिनेत्रीच्या नावावरून चेष्टेने बेतलेले आहे. पाझुझूच्या पंथात शेतकरी नाही, मोलकरीण नाही. तिथे कोट घातलेली, पदव्या मिळवलेली माणसे आहेत. चार भाग वाचून होईपर्यंत मला एकही अडाणी माणूस मंत्र पुटपुटताना दिसला नाही.

ही तार्दीची निव्वळ कल्पना असेल असे मला आधी वाटले. म्हणून मी त्या काळच्या पॅरिसबद्दल मिळेल ते वाचले, आणि जे हाती आले ते तार्दीच्या चित्रांइतकेच अजब आहे. १९०५ ते १९०८ या वर्षांत पॅरिसच्या एका मानसशास्त्रीय संस्थेने युसापिया पालादिनो नावाच्या इटालियन बाईच्या बैठका घडवून आणल्या. बाई अंधाऱ्या खोलीत बसायची आणि टेबल हवेत उचलले जायचे, पडदे फुगायचे, न दिसणारे हात लोकांना शिवायचे. या बैठकांना कोण हजर असावे? पिएर आणि मेरी क्यूरी! त्याआधीच, १९०३ साली, दोघांना नोबेल पारितोषिक मिळालेले होते. या प्रकारात अभ्यास करण्याजोगे काही आहे असे पिएर क्यूरींना वाटत होते. शार्ल रिशे हे शरीरशास्त्रज्ञ, ज्यांना १९१३ साली नोबेल मिळाले, ते तर आयुष्यभर या विषयाच्या मागे होते. खगोलशास्त्र सामान्य वाचकांपर्यंत नेणारे कामिय फ्लामारिओं मृतात्म्यांशी संवादाची चर्चा करीत होते.

आणि पालादिनो? ती दक्षिण इटलीतल्या गरीब घरातली, जेमतेम लिहिता-वाचता येणारी बाई होती. तिला लबाडी करताना पकडल्याच्या नोंदीही आहेत. १८९५ साली केंब्रिजमध्ये ती अशी पकडली गेली. आता विचार करा. त्या खोलीत अशिक्षित माणूस एकच होते, आणि फसत होती ती बाकीची सगळी. हा प्रसंग वक्तृत्व स्पर्धेत कुणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

क्यूरी दांपत्याला मी हसत नाही. ज्यांनी न दिसणारा किरणोत्सर्ग मोजून दाखवला, त्यांना आणखी काही न दिसणारे असू शकेल असे वाटले तर ते समजण्यासारखे आहे. निदान ते मोजायला तरी गेले होते. पण हीच सवलत आपण माझ्या आजीला देतो का? शास्त्रज्ञ टेबलापाशी बसला तर ते ‘कुतूहल’, आणि आजीने मीठ-मिरच्या उतरल्या तर ते ‘अज्ञान’.

पाझुझूची गोष्ट तर मला सर्वांत उद्बोधक वाटली. हा असुर तार्दीने रचलेला नाही. तो मेसोपोटेमियातला, सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्याची काशाची एक छोटी मूर्ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे: चार पंख, श्वापदाचे तोंड, पक्ष्याचे पंजे, विंचवाची नांगी. ‘द एक्झॉर्सिस्ट’ या १९७३ सालच्या अमेरिकन चित्रपटामुळे तो जगभर सैतान म्हणून गाजला. पण त्याच्या मूळ मुलखात त्याचे काम काय होते? लामाश्तू नावाची एक भयंकर राक्षसी बाळंतिणी आणि तान्ही मुले पळवते अशी समजूत होती. पाझुझू स्वतः दुष्ट वाऱ्यांचा राजा, पण लामाश्तूला पिटाळून लावायचा तो त्यानेच. म्हणून त्याचे मुंडके असलेले ताईत बाया वापरीत, त्याची प्रतिमा घरात टांगीत. म्हणजे पाझुझू हा आयांचा राखणदार होता. काचेच्या पेटीत पोचल्यानंतर युरोप-अमेरिकेच्या गोष्टींत त्याचा सैतान झाला.

मी त्याचे चित्र आजीला दाखवले. ती घाबरली नाही. चष्मा नीट करून तिने ते पाहिले आणि विचारले, “हा कशावर चालतो गं?” एखाद्या औषधाबद्दल विचारावे तसे. मी सांगितले, “लहान पोरांच्या दुखण्यावर.” ती म्हणाली, “मग असा उग्रच पाहिजे.” लूव्रमधल्या त्या मूर्तीचा खरा उपयोग एवढ्या पटकन ओळखणारा दुसरा कुणी मला अद्याप भेटलेला नाही. ताईताने पोर बरे होत नाही हे मला ठाऊक आहे. पण तो ताईत भीतीपोटी आणि मायेपोटी बांधलेला होता. तार्दीचा पंथ पाझुझूला पुजतो तो शहरात मरण पसरवण्यासाठी. या दोन्हींना एकाच ‘अंधश्रद्धा’ या शब्दात कोंबणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय.

आता टिनटिनकडे. ‘सात स्फटिक गोळे’ या अर्थाच्या नावाचा भाग आणि त्याला जोडून येणारा ‘सूर्याचे कैदी’. पेरूमध्ये इंका राजाचे थडगे उघडून त्यातली ममी युरोपात आणणाऱ्या सात संशोधकांवर एकामागून एक संकट येते. प्रत्येक जण गाढ, विचित्र निद्रेत पडतो आणि शेजारी फुटलेल्या स्फटिकाचे तुकडे सापडतात. ही कथा ब्रुसेल्सच्या ‘ल स्वार’ या दैनिकात डिसेंबर १९४३ मध्ये सुरू झाली. बेल्जियम तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि ते दैनिकही. सप्टेंबर १९४४ मध्ये शहर मुक्त झाले आणि कथा अर्ध्यावर थांबली. शत्रूच्या ताब्यातल्या वृत्तपत्रात काम केल्याचा ठपका एर्जेवर होता. पुढचा भाग वाचायला वाचकांना १९४६ उजाडावे लागले. सहकारी एदगार जेकब्सच्या मदतीने रेखाटलेली त्यातली घरे, ते वादळ, रात्री खिडकीतून आत शिरणारी ममी: भीतीची इतकी चांगली चित्रे मी फार पाहिलेली नाहीत.

या कथेत सुरुवातीलाच आगगाडीतला एक सहप्रवासी टिनटिनला विचारतो की, त्या लोकांनी येऊन आपल्या राजांची थडगी उकरली असती तर आपण काय म्हटले असते? प्रश्न नेमका आहे. पण एर्जे तो विचारून पुढे निघून जातो.

या कथेच्या मागे तुतनखामेनच्या शापाची आठवण आहे हे उघड आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला ते थडगे सापडले. मोहिमेचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत वारले. डास चावला, ती जागा चिघळली, रक्तात विष पसरले. आणि शापाची आवई उठली ती इजिप्तच्या खेड्यांत नव्हे, वृत्तपत्रांत. कार्नार्व्हन यांनी थडग्याच्या बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले होते. बाकीच्या पत्रांना आतली बातमी मिळेना, तेव्हा त्यांनी शाप छापला. त्याला दुजोरा कुणी द्यावा? शेरलॉक होम्सचे जनक डॉ. आर्थर कॉनन डॉयल यांनी, जे स्वतः वैद्यकाचे पदवीधर. ज्याने थडगे प्रत्यक्ष उघडले तो कार्टर मात्र १९३९ पर्यंत जगला.

टिनटिनच्या त्याच भागात नाटकगृहातला एक प्रवेश आहे. एक फकीर रंगमंचावर येऊन एका बाईला संमोहित करतो आणि ती दूरच्या गोष्टी सांगू लागते. ही विद्या कुठून आली? तर भारतातल्या कुणा योग्याकडून. युरोपला गूढाची गरज पडली की तो योगी, फकीर, ममी, असुर असा माल बाहेरून आणतो, आणि मग म्हणतो, पाहा ही पूर्वेकडची माणसे किती अंधश्रद्ध! या व्यवहारात आपली मुंबईही आहे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत उतरले, आणि १८८२ च्या अखेरीस अड्यारला जाईपर्यंत सोसायटीचे ठाणे मुंबईतच होते. बाईंच्या चमत्कारांची चौकशी लंडनच्या एका संस्थेने करवली आणि १८८५ च्या अहवालात ते बनावट ठरवले. बाईंभोवती जमलेल्यांत इंग्रज अधिकारी होते, आपल्याकडचे इंग्रजी शिकलेलेही होते.

एर्जेबद्दल माझी एक तक्रार आहे. ‘सूर्याचे कैदी’च्या शेवटी टिनटिनला जिवंत जाळायचे ठरते. त्याला वर्तमानपत्राच्या कात्रणावरून सूर्यग्रहणाची वेळ ठाऊक असते. तो सूर्याला ‘हुकूम’ सोडतो, अंधार पडतो आणि सारे इंका भयभीत होऊन त्याला सोडून देतात. पिढ्यान्‌पिढ्या सूर्याची पूजा करणाऱ्या, सूर्यावर नजर ठेवून सण पाळणाऱ्या लोकांना ग्रहण म्हणजे काय हे ठाऊक नसावे? आमच्या घरी भिंतीला पंचांग टांगलेले असते आणि ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष त्यात वर्षभर आधी मिनिटांसह छापलेला असतो. आजी ते कुणाकडून तरी वाचून घेते आणि त्याप्रमाणे पाणी भरून ठेवते. ग्रहणात जेवू नये हे तिचे म्हणणे मला मान्य नाही, पण ग्रहण पाहून ती कुणा परक्या पोराच्या पाया पडणार नाही, एवढे मी खात्रीने सांगते. टिनटिन शूर आहे, चित्रे अप्रतिम आहेत, तरीही हा प्रसंग खोटा आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळही याच जातीचा: मुखवट्यातला गोरा माणूस, आणि त्याला अमर समजणारे भोळे जंगलवासी. तार्दी मला एर्जेपेक्षा मोठा वाटतो तो इथे. त्याच्या पुस्तकात मूर्ख बनणारे सगळे पॅरिसचे नागरिक आहेत. आणि आदेलच्या घरात काचेच्या पेटीत ठेवलेली ममी जेव्हा उठून बोलू लागते, तेव्हा साऱ्या कथेत सभ्यपणे बोलणारी तीच एक निघते!

कुणी म्हणेल, ममी बोलते हे दाखवणे हीच अंधश्रद्धा नव्हे काय? मग हॅम्लेटच्या बापाचे भूत अभ्यासक्रमात कसे चालते? आपल्याकडे नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, त्या वाचून कुणी बळी दिल्याचे मी ऐकलेले नाही. गोष्टीतले भूत हे भूत आहे असे सांगूनच येते. फसवते ते भूत, जे संस्थेचे नाव आणि पदवी लावून येते.

इंग्रजीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण ही पुस्तके मी इंग्रजीत वाचली आणि इंग्रजी हा आमच्यापैकी कित्येकांचा दुखरा भाग आहे. वर्गात इंग्रजी पुस्तक उघडले की माझ्या मनात येते, हे कुणाच्या तरी घरचे आहे आणि आपण दारात उभे आहोत. अनुवादाच्या बाबतीत तसे होत नाही. आदेल इंग्रज नाही; इंग्रज वाचकालाही ती माझ्याइतकीच परकी. तार्दीचे पहिले चार भाग २०१० आणि २०११ साली अमेरिकेत दोन पुस्तकांत नव्याने आले, त्यांचे अनुवादक किम थॉम्प्सन हे डेन्मार्कमध्ये जन्मलेले. म्हणजे फ्रेंच गोष्ट, डेन्मार्कमध्ये जन्मलेला अनुवादक, अमेरिकन प्रकाशक आणि वाचणारी मी. इथे कुणी कुणाला दारात उभे करत नाही. शिवाय वाक्य अडले तर चित्र पुढे नेते.

पहिल्या पुस्तकाच्या नावाची तर मजाच आहे. फ्रेंच नावाचा अर्थ नुसता ‘आदेल आणि श्वापद’ असा. थॉम्प्सननी इंग्रजीत ‘टेरर ओव्हर पॅरिस’ केले, पण ‘टेरर’च्या आधी एक ‘पी’ बसवला. का? तर त्या उडत्या सरड्याचे इंग्रजी नावही ‘पी’नेच सुरू होते आणि तो ‘पी’ उच्चारायचा नसतो. लिहायचे पण उच्चारायचे नाही, अशा अक्षरांनी शाळेत माझे किती गुण खाल्ले असतील! त्या अक्षराची कुणीतरी अशी उघड थट्टा केलेली पाहून फार बरे वाटले. थॉम्प्सन २०१३ साली वारले. टिनटिनचे इंग्रजी अनुवादक लेस्ली लॉन्सडेल-कूपर आणि मायकेल टर्नर यांचेही नाव घेतले पाहिजे; कुत्र्याचे ‘मिलू’ बदलून ‘स्नोई’ करणारे, प्राध्यापक ‘तूर्नसोल’ना ‘कॅल्क्युलस’ करणारे ते हेच. आपल्या भाषेत ही नावे काय होतील, याचा खेळ मी अधूनमधून खेळत असते.

माझ्याजवळची दोन पुस्तके चौथ्या भागाशी संपतात. तिथे आदेलला मृत्यू गाठतो आणि तिला बर्फात गोठवून ठेवले जाते. कथेतले साल तेव्हा १९१२. ती पुन्हा जागी होते ती १९१४ ते १८ चे युद्ध उलटताना. एवढ्या धीट नायिकेला तार्दीने नेमके युद्धात का झोपवले? त्या युद्धात त्याचे आजोबा लढले होते, आणि पुढे १९९३ साली त्याने खंदकांतल्या सैनिकांवर एक स्वतंत्र पुस्तक काढले. त्यात एकही भूत नाही आणि माझ्या ऐकिवातल्या सगळ्या भूतकथांपेक्षा ते भयंकर आहे, असे ज्यांनी ते वाचले आहे ते सांगतात. २०१३ साली फ्रेंच सरकारने देऊ केलेला मानाचा किताबही तार्दीने नाकारला. त्या खंदकांकडे माणसांना ज्यांनी हाकलले त्यांत सेनापती होते, मंत्री होते, संपादक होते. एकूण एक शिकलेले.

आदेलचा दहावा भाग फ्रान्समध्ये २०२२ साली निघाला. पुढचे सहा भाग वाचायचे तर मला फ्रेंच शिकावे लागेल, आणि आपल्याकडे तो विषय नाही. खंदकांवरचे पुस्तक मात्र २०१० पासून इंग्रजीत आहे. ग्रंथालयाच्या मागणी-वहीत मी ते लिहिले आहे, सोबत आदेलचे पहिले पुस्तक आणि ‘सात स्फटिक गोळे’ही. तिन्ही नावांपुढे ‘विषय’ असा रकाना होता. ग्रंथपाल सरांनी विचारले, काय लिहायचे? मी ‘इतिहास’ लिहिले. त्यांनी अजून ते खोडलेले नाही.